गादी तुम्हाला, पाट लॅपटॉपला

मागच्या वैशाखात माझा लॅपटॉप दोन दिवसांत तीन वेळा आपोआप बंद पडला. पहिल्यांदा वाटलं, वीज गेली. पण डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. दुसऱ्यांदा वाटलं, व्हायरस शिरला. घरात कोणी शिंकलं तरी हल्ली व्हायरसच आठवतो. तिसऱ्यांदा अर्धवट लिहिलेला मजकूर घेऊन तो बंद झाला, तेव्हा वैतागून उचलायला गेलो आणि तळाचा चटका बसला. मग डोक्यात प्रकाश पडला, की याला ताप आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिथल्या पंचविशीतल्या मुलाने लॅपटॉप उलटा करून पाहिला आणि विचारलं, “काका, हा वापरता कुठे?”

“कुठे म्हणजे? घरी.”

“घरी कुठे?”

“पलंगावर. गोधडीवर ठेवून.”

तो काही बोलला नाही. स्क्रू काढले, तळाचं झाकण अलगद उचललं. कोपऱ्यात चकतीसारखा चपटा पंखा होता आणि त्याच्या तोंडाशी कंगव्याच्या दातांसारख्या दाट, पातळ पात्यांची जाळी. त्या दोहोंच्या मधून त्याने चिमट्याने करड्या रंगाची एक पट्टी ओढून काढली. चार बोटं लांब, नमद्यासारखी घट्ट. अख्खीच्या अख्खी निघाली. “हे तुमच्या गोधडीचं पिल्लू,” तो म्हणाला. मग पंख्याकडून मधल्या चिपपर्यंत गेलेल्या, चपट्या केलेल्या तांब्याच्या नळीवर चिमटा टेकवून म्हणाला, “हिला काही झालेलं नाही, काका. ही बिचारी आपलं काम करत होती. पुढे दारच बंद.”

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. ज्यांच्या घरी, दुकानात, शाळेत लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर आहे, त्या सगळ्यांना एक विनंती करायची आहे: नळीचं दार बंद करू नका. पण नुसतं “गादीवर ठेवू नका” म्हटलं की माणूस ऐकत नाही. मीसुद्धा मुलीचं ऐकलं नव्हतं. नळीच्या आत काय चालतं ते एकदा समजलं, की सांगावं लागत नाही. म्हणून आधी नळी, मग सल्ला.

इस्त्रीपेक्षा तापट

चिप जेवढी वीज घेते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. बल्बमधल्या विजेचा थोडा उजेड होतो, पंख्यातल्या विजेचा वारा होतो. चिपमधल्या विजेची आकडेमोड होते खरी, पण शेवटी हातात उरते ती ऊब.

साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर कामाच्या वेळी 15 ते 45 वॅट घेतो. ऐकायला किरकोळ. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न एवढ्याच विजेवर सोल्डर वितळवतं. इस्त्रीशी तुलना करून पाहा. 1000 वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण 200 चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला 5 वॅट आले. इकडे 30 वॅटची चिप दोन चौरस सेंटिमीटरची धरा, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 15 वॅट. जागेच्या हिशेबात चिप इस्त्रीच्या तिप्पट तापट ठरते. आणि इस्त्रीला तापायचंच असतं, चिपला मात्र थंड राहायचं असतं. बहुतेक प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आपणहून कामाचा वेग कमी करतात. तरी ताप उतरला नाही, तर यंत्र स्वतःला बंद करून घेतं. माझा लॅपटॉप बिघडला नव्हता, जीव वाचवत होता.

आता ही उष्णता काढायची कशी? मोठ्या कॉम्प्युटरमध्ये चिपच्या डोक्यावरच मोठा पंखा बसवता येतो. लॅपटॉप बोटभर जाडीचा. त्यात पंख्याला जागा मिळते ती कडेला, म्हणजे उष्णता मधून कडेपर्यंत वाहून न्यावी लागते. तांबं उष्णता चांगली वाहतं, मग तांब्याची भरीव कांडी का नाही टाकत? हिशेब मांडून पाहिला. 6 मिलिमीटर जाडीच्या भरीव तांब्याच्या कांडीतून 30 वॅट उष्णता 15 सेंटिमीटर दूर न्यायची, तर कांडीच्या दोन टोकांत जवळजवळ 400 अंशांचा फरक लागेल. तोवर चिपची राख झालेली असेल. तेवढ्याच जाडीची पोकळ नळी मात्र हे काम मोजक्या अंशांच्या फरकात करून टाकते. तिलाच हीट पाइप म्हणतात. भरीव हरतं तिथे पोकळ जिंकतं, ते आतल्या थेंबभर पाण्याच्या जोरावर.

मोदकपात्राचं झाकण आणि निरांजनातली वात

हीट पाइप समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. स्वयंपाकघर आणि देवघर पुरेसं आहे.

गणेश चतुर्थीला मोदकपात्राचं झाकण उघडताना हातावर वाफ घेतलेली कोणतीही बाई सांगेल, की उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाफेचा चटका वाईट. याचं कारण साधं आहे. एक ग्रॅम पाणी 25 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 300 ज्यूल लागतात. पण त्याच एक ग्रॅमची 100 अंशांना वाफ करायला सुमारे 2,260 ज्यूल लागतात, म्हणजे सातपटीहून जास्त. वाफ ही सगळी उष्णता पोटात घेऊन निघते आणि जिथे थंड जागा भेटेल तिथे पाणी होऊन सगळीच्या सगळी टाकून देते. हातावर टाकली तर फोड येतो, झाकणावर टाकली तर झाकण तापतं आणि आतून थेंब टपटपतात. आपला माठही याच नियमावर चालतो, फक्त त्याची वाफ उडून जाते आणि माठात पुन्हा पाणी भरावं लागतं.

हीट पाइप म्हणजे दोन्ही तोंडं कायमची बंद केलेलं, लांबट मोदकपात्र. एक टोक चिपवर, दुसरं टोक पंख्याजवळच्या पात्यांच्या जाळीत. चिपकडचं पाणी वाफ होऊन निघतं, जाळीकडच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होतं आणि सोबत आणलेली उष्णता तिथे टाकतं.

पण चिप 100 अंशांपर्यंत तापूच द्यायची नाही, तर पाणी उकळेल कसं? इथे दुसरी युक्ती आहे. समुद्रसपाटीवर पाणी 100 अंशांना उकळतं, महाबळेश्वरला 95-96ला, लेहला 88च्या आसपास, कारण उंचावर हवेचा दाब कमी. कारखान्यात नळी बंद करण्याआधी तिच्यातली हवा काढून घेतात. आत राहतं फक्त पाणी आणि त्या पाण्याची वाफ. दाब बाहेरच्या हवेच्या चौदाव्या भागावर आला, तर पाणी 40 अंशांनाही उकळतं. म्हणून नळीतलं पाणी शंभरीची वाट पाहत नाही. एक टोक दुसऱ्यापेक्षा थोडं कोमट झालं, की वाफ निघालीच.

आता शेवटचा प्रश्न. थंड टोकाला जमलेलं पाणी परत चिपकडे कोण आणतं? लॅपटॉप कधी सपाट असतो, कधी तिरका, कधी पोटावर. उतार भरवशाचा नाही. याचं उत्तर देवघरातल्या निरांजनात आहे. तूप खाली असतं, ज्योत वर, आणि तरी तूप ज्योतीपर्यंत चढतं. वात त्याला ओढून नेते, कारण तिच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून पातळ पदार्थ आपोआप सरकतो. हीट पाइपच्या आतल्या भिंतीला अशीच वात असते, फक्त ती तांब्याची. तांब्याची बारीक भुकटी भट्टीत इतकीच तापवतात, की कण वितळत नाहीत, पण जिथे एकमेकांना टेकतात तिथे चिकटतात. राजगिऱ्याची वडी डोळ्यांसमोर आणा. दाणा दाण्याला धरून आणि मधे अगणित छिद्रं. त्या छिद्रांतून पाणी परत चिपपाशी येतं. काही नळ्यांत भुकटीऐवजी बारीक खाचा किंवा तारेची जाळी असते, पण काम तेच.

या नळीत मोटर नाही, झडप नाही, ती विजेचा कणही घेत नाही. कान लावलात तर आवाज नाही, हलवलीत तर पाणी खळखळत नाही, कारण पाणी लहान चमचाभरसुद्धा नसतं. आपण एक ग्रॅम धरू. 30 वॅटच्या हिशेबाने हा एक ग्रॅम साधारण ऐंशी सेकंदांत एकदा पूर्ण वाफ होऊन परत पाणी होतो. आठ तासांच्या कामात त्याच्या साडेतीनशेवर फेऱ्या होतात. म्हणजे थेंबभर पाण्याने दिवसाकाठी जवळपास लहान तांब्याभर पाण्याएवढी वाफ केलेली असते, आणि संध्याकाळी पाहावं तर एक थेंबही कमी झालेला नाही.

अलास्काच्या नळ्या उन्हाळ्यात झोपतात

ही कल्पना लॅपटॉपसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये काम करणारे रिचर्ड गॉगलर यांनी शीतपेट्यांच्या कामासाठी अशा नळीचं पेटंट घेतलं. ते 1944 साली मिळालं आणि कपाटात पडून राहिलं. 1963 साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळयानांसाठीच्या अणुऊर्जेवर काम करताना तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली आणि तिला हीट पाइप हे नाव दिलं. 1967 साली पहिली नळी उपग्रहातून पृथ्वीभोवती फिरली. उपग्रहात एक अंग सूर्याकडे, दुसरं काळोखाकडे, त्यामुळे उष्णता सारखी पसरवायला अशा नळ्या लागतातच. तिथे पाणी गोठेल म्हणून ॲल्युमिनियमच्या नळीत अमोनिया भरतात. आपल्या इस्रोच्या दळणवळण उपग्रहांतही अशा नळ्या असतात. लॅपटॉपमध्ये ही नळी 1990 नंतरच्या दशकात शिरली, कारण चिपा तापट होत गेल्या आणि लॅपटॉप सडपातळ.

मला मात्र या सगळ्यात अलास्काची गोष्ट जास्त शिकवून गेली. तिथे 1977 साली सुमारे 1,300 किलोमीटर लांबीची तेलवाहिनी सुरू झाली. वाटेत बराच भाग कायम गोठलेल्या जमिनीचा. वाहिनीतलं तेल गरम, त्याची ऊब वाहिनी पेलणाऱ्या खांबांतून खाली उतरली तर बर्फाळ जमीन वितळणार आणि खांब खचणार. म्हणून त्या खांबांमध्ये सव्वा लाखाच्या आसपास हीट पाइप बसवले. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते. तेव्हा नळीतला अमोनिया जमिनीची ऊब शोषून वाफ होतो, वर जाऊन ती हवेत टाकतो आणि जमीन आणखी घट्ट गोठते. उन्हाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा कोमट होते. तेव्हा या नळ्या काहीच करत नाहीत. चक्क झोपतात.

लक्षात घ्या, नळ्या तेव्हा बिघडलेल्या नसतात. दुसरं टोक थंड नाही, एवढंच कारण. हीट पाइप उष्णता नाहीशी करत नाही, तो हमाल आहे. पोतं पाठीवर घेऊन दारापर्यंत आणतो. दाराबाहेर उतरवून घेणारी ती हवा. हवा आली नाही, तर हमाल पोतं घेऊन दारातच उभा राहतो आणि मागून पोती येतच राहतात. माझ्या लॅपटॉपच्या जाळीत गोधडीच्या धाग्यांचा नमदा बसला, तेव्हा मी घरात बसल्या बसल्या अलास्काचा उन्हाळा तयार केला होता.

आणि आपल्याकडे खरा उन्हाळाही काही कमी नसतो. समजा, चिप 95 अंशांच्या आत ठेवायची आहे. पावसाळ्यात खोली 25 अंशांवर असेल तर उष्णतेला बाहेर पडायला 70 अंशांचा उतार मिळतो. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात खोलीच 42 अंशांवर गेली तर उतार उरतो 53 अंशांचा. पंखा तोच, जाळी तीच, पण बाहेर जाणारी उष्णता सुमारे पाव भागाने घटली. म्हणजे जाळी स्वच्छ असूनही यंत्र काठावर आलेलं असतं. त्यात अर्धी जाळी तुंबलेली असली, तर बंद पडायला एक व्हिडिओ कॉल पुरतो.

तर आता काय करायचं

पहिली गोष्ट बैठकीची. लॅपटॉप कडक, सपाट जागेवर ठेवा. टेबल असेल तर उत्तम. नसेल तर पाट, चौरंग, जाड पुठ्ठा, ट्रे, जे घरात असेल ते. पलंगावर बसायचं तर खुशाल बसा, पण मधे पाट घ्या. बहुतेक लॅपटॉप थंड हवा तळाच्या फटींतून आत ओढतात आणि गरम हवा कडेने किंवा पडद्याच्या बिजागरीजवळून बाहेर टाकतात. तळाला जे चार रबरी पाय असतात, ते शोभेचे नाहीत. चुलीला तीन दगड लागतात, कारण खालून वारा शिरला पाहिजे. हे पाय त्याचसाठी आहेत. एखादा पाय झिजून पडला असेल, तर तेवढ्याच उंचीचा रबराचा तुकडा चिकटवा. मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं ठेवून लॅपटॉप किंचित उचललात तर आणखी बरं, फक्त ती झाकणं फटींवर येऊ देऊ नका.

मांडीवरही ठेवू नका. नावात मांडी आहे म्हणून ती त्याची जागा होत नाही. कपड्याने फटी झाकल्या जातात, आणि दुसरं म्हणजे रोज तासन्‌तास तापता लॅपटॉप मांडीवर राहिला, तर कातडीवर जाळीदार लालसर-तपकिरी डाग पडू शकतात. शेगडीजवळ बसून शेकणाऱ्यांना पडतात तसेच हे डाग. डॉक्टर ते पाहताच ओळखतात.

दुसरी गोष्ट, महिन्यातून एकदा लॅपटॉपची नाडी बघा. तो काम करत असताना गरम हवेच्या फटीसमोर टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरा. पट्टी फडफडली तर दार उघडं आहे. पंख्याचा आवाज मोठा, पण पट्टी ढिम्म, तर जाळी तुंबली असं समजा. कारण नसताना पंखा सतत घोंघावतोय, लिहिताना अक्षरं मागून उमटताहेत, बिजागरीजवळ बोट टेकवत नाही, ही सगळी त्याचीच लक्षणं. पंख्याच्या आवाजाला मात्र वैतागू नका. तो ओरडतोय म्हणून काम चाललंय. आवाज नको म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग दाबून ठेवणारे लोक मी पाहिलेत. तो जागल्याच्याच तोंडात बोळा कोंबण्याचा प्रकार.

तिसरी गोष्ट, जागा निवडा. नुसती धूळ जाळीतून बरीचशी निघून जाते. पण फोडणीचा धूर, उदबत्ती-धूपाचा धूर आणि धूळ एकत्र आली की तिचा चिकट लेप होतो. ओट्याशेजारी किंवा देवघराखालच्या टेबलावर लॅपटॉप मांडू नका. समोर इमारतीचं बांधकाम चालू असेल तर काम संपल्यावर त्याला पिशवीत ठेवा. पण पिशवीत ठेवण्याआधी पूर्ण बंद करा. नुसता झाकलेला, आत धुगधुगी असलेला लॅपटॉप बॅगेत जागा झाला, तर तिथे वारा कुठून येणार? उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही त्याला ठेवू नका. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते.

चौथी गोष्ट, वर्षातून एकदा आतून सफाई. वर्षभर पाटावर बसणाऱ्याला दोन वर्षांनी चालेल. ही सफाई फाल्गुनात करून घ्या, चैत्र-वैशाखाच्या तोंडावर. आजारी पडल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं, आणि खर्चही कमी.

घरी काय करू नये

लॅपटॉप किंवा फोन तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढला की आमरसाच्या गार वाटीला फुटतो तसा त्यालाही आतून घाम फुटेल, आणि ते पाणी वाफ होऊन कुठे जाणार नाही, सर्किटवर बसेल. ओलं फडकं, बर्फाची पिशवी हे उपायही त्याच जातीचे.

तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीत थुंकीचा ओलावा असतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी फटीला लावू नका. त्याने स्थिर वीज तयार होते आणि ती नाजूक भागांना मारक. बाहेरून साफ करायचं तर यंत्र बंद करा, चार्जर काढा आणि मऊ कोरड्या ब्रशने फटींवरची धूळ झटका. इतकं पुरे. दुकानातून दाबून भरलेल्या हवेचा डबा आणलाच, तर लांबून, थोडी थोडी हवा मारा. एकदम जोराचा झोत मारला तर आतला पंखा मोटरशिवायच भिंगरीसारखा फिरतो आणि त्याचं बेअरिंग दुखावतं.

स्वतः झाकण उघडण्याचा अनुभव नसेल तर उघडू नका. उघडलंत, तर तांब्याच्या नळीला हात लावू नका. ती जन्मभरासाठी बंद केलेली असते. वाकली तर आतली वात चिरडते, भोक पडलं तर हवा आत शिरते आणि मग ती नुसती तांब्याची पोकळ नळी उरते. आणि एक लक्षात ठेवा: या नळीत गॅस भरत नाहीत, पाणी बदलत नाहीत, तिची सर्व्हिसिंग नसते. कोणी “नळीतला गॅस संपलाय, भरावा लागेल” म्हणालं, तर नमस्कार करून लॅपटॉप उचला. फ्रिजचा गॅस भरतात, हीट पाइपचा नाही. नीट वागवलेली नळी सहसा बाकीच्या लॅपटॉपपेक्षा जास्त वर्षं जगते.

दुकानात गेलात तर

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात जा, बाहेर उघडून ती घालवू नका. वॉरंटी संपली असेल तर कामाचा माणूस निवडा आणि त्याच्याशी तीन गोष्टी बोला. पहिली, पंखा आणि पात्यांची जाळी यांच्या मधली जागा साफ करा. नुसता वरून वारा मारून भागत नाही, नमदा तिथेच बसलेला असतो. दुसरी, थर्मल पेस्ट बदला. चिप आणि नळीचं बूड यांच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात आणि फटीत हवा, म्हणजे उष्णतेच्या वाटेत गादीच. ती फट भरायला ही पेस्ट लावतात. काही वर्षांनी ती वाळून भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी होते. ती पूर्ण पुसून नवी, पातळ लावायची. पोळीवर तूप लावतो तितकीच, पुरणपोळीवर ओततो तशी नव्हे. तिसरी, बॅटरी पाहा. टचपॅड वर आलंय, झाकण नीट बसत नाही, तळ फुगलाय, असं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग तो लॅपटॉप त्याच दिवसापासून चार्ज करू नका आणि बॅटरी दाबून बसवण्याच्या फंदात पडू नका. बदलाच.

शक्य असेल तर समोर उभं राहून काम पाहा. शंका घ्यायची म्हणून नाही. जाळीतून निघालेली ती पट्टी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, की पुन्हा कोणी सांगावं लागत नाही. मला लागलं नाही.

कूलिंग पॅड घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. वाईट नाही, विशेषतः विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात. पण आतली जाळी तुंबलेली असताना खालून वारा घालणं म्हणजे नाक चोंदलेल्याला उंच उशी देणं. आधी नाक मोकळं करा.

घरातली बाकीची मंडळी

ज्यांच्या पोटात हीट पाइप नाही, त्यांनाही दार लागतंच. वायफायचा राऊटर आणि सेट-टॉप बॉक्स एकमेकांच्या डोक्यावर रचू नका. त्यांच्या अंगावरची भोकं हेच त्यांचे झरोके. आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल सुंदर असतो, पण तो सेट-टॉप बॉक्सवर नको, शेजारच्या फुलदाणीखाली शोभतो. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात सीपीयू कोंडला असेल, तर त्या कप्प्याचं दार काढून टाका. शाळांच्या संगणक कक्षांत धूळ नको म्हणून प्लास्टिकचे बुरखे घालतात, ते चांगलं आहे. पण यंत्र चालू करण्याआधी बुरखा निघाला ना, हे बघायची जबाबदारी एका विद्यार्थ्यावर सोपवा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

फोनला पंखा नसतो. काही फोनांत हीट पाइपच्याच युक्तीवर चालणारी चपटी, पोकळ पेटी असते, तिला व्हेपर चेंबर म्हणतात. काहींत नुसता ग्राफाइटचा पातळ पत्रा. दोन्हींचं काम एकच, चिपची ऊब पाठभर पसरवायची. म्हणजे फोनची पाठ हेच त्याचं दार. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून, चार्जिंग लावून, रस्ता दाखवायला फोन वापरत असाल, तर निदान त्याचं जाड कव्हर काढा. आणि रात्री चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली नको.

दसऱ्याच्या आधी

खंडेनवमीला, दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, दुकानातला तराजू. गेली कित्येक वर्षं त्यांच्या रांगेत लॅपटॉपही बसला आहे. हळदकुंकवाचं बोट लागतं, झेंडूचं फूल मिळतं. करवतीला मात्र पूजेआधी सुतार तेल देतो, शिंपी मशीनमधला धाग्यांचा कचरा काढतो. हत्यार स्वच्छ केल्याशिवाय पूजेला मांडत नाहीत, हा त्या पूजेतलाच भाग आहे. लॅपटॉपला तेवढं आपण विसरलो.

यंदा त्याला चार मिनिटं द्या. बंद करा, उलटा करा, ब्रशने फटी झटका, टिश्यूची पट्टी धरून वारा येतोय का पाहा. येत नसेल तर दुकानात नेऊन या. मग हळदकुंकू पडद्याच्या मागच्या झाकणावर लावा, फूल ठेवा. फक्त फूल फटीवर ठेवू नका.

आमच्याकडे आता लॅपटॉपचा स्वतःचा पाट आहे. सागवानी, आईच्या वेळचा, एका कोपऱ्याला चीर गेलेला. पूर्वी पंगतीत पाहुण्याला द्यायचो तो. गोधडी मी माझ्याकडे ठेवली आहे.